दोन मिनिटांत किती कोंबता बे! सबमिशनच्या तोंडावर आलेले प्रश्न

मागच्या अंकात आम्ही सहज म्हणून गेलो की मास कॉमवाल्या पोट्ट्या-पोट्टींनो, तुमच्या प्रोजेक्टचे प्रश्न पाठवा, तर मेल काय, व्हॉट्सअॅप काय, एकाने तर चक्क ऑफिसात येऊन चिठ्ठी ठेवली. या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. ज्यांच्या घरात असं कोणी नाही त्यांच्यासाठी सांगते, काम असं असतं की एका काल्पनिक सिनेमाची फक्त सुरुवात बनवायची, टायटल्स धरून दोन मिनिटं, त्याच्या वर नाही. चित्रण सगळं स्वतःचं पाहिजे, आणि मग प्रत्येकाने आपापलं इव्हॅल्युएशन लिहायचं की आम्ही काय केलं, कायले केलं आणि ते बघणाऱ्यापर्यंत पोचलं का. ही पद्धत इंग्लंडच्या मीडिया स्टडीजच्या परीक्षांमधली, केंब्रिजच्या अभ्यासक्रमात ती अजून आहे, आणि आता आपल्याकडच्या काही मास्तरांनीही उचलली आहे. चांगलंच केलं. आख्खी शॉर्टफिल्म करायला लावली की पोरं दीड महिना हिरोईन शोधण्यात घालवतात.

प्रश्न : ताई, आम्ही थ्रिलर घेतला आहे. स्क्रिप्ट एकदम भारी झाली, सगळ्यांना आवडली, पण रफ कट साडेसहा मिनिटांचा होऊन राहिला. हिरो सकाळी उठतो, अलार्म बंद करतो, ब्रश करतो, आरशात बघतो तर मागे कोणीतरी उभं आहे, मग कॉलेजला जातो, तिथे मैत्रिणीशी भांडण, मग फोन येतो की तिचा खून झाला आणि शेवटी कळतं की खून त्यानेच केला होता. सर म्हणतात अर्ध्याच्या वर काढा. काय काढू? — दुसरं वर्ष, महाल

उत्तर : आरशाच्या आधीचं सगळं काढ आणि फोनच्या नंतरचंही सगळं काढ. भांडण राहिलं तर राहील, तेही बघू. अरे, तुम्ही सुरुवात बनवलीच नाही, तुम्ही आख्खा पिक्चर बनवला आणि तो घाईघाईत उरकला. खून कोणी केला हे दुसऱ्या मिनिटाला सांगून टाकलं तर पुढचे दोन तास माणसाने थेटरात बसून करायचं काय, समोसे खायचे?

आणि ते अलार्मचं. दरवर्षी निम्म्या ग्रुपांचा हिरो अलार्मनेच उठतो. कारण मला समजतं, दिवस सकाळी सुरू होतो म्हणून गोष्टही सकाळी सुरू होते असं आपल्या डोक्यात असतं, पण गोष्ट सुरू होते ती काहीतरी बिनसतं तिथे. रोज जे नीट चालतं ते दाखवायचं असेल तर चार-पाच सेकंद पुष्कळ झाले, आणि ते सुद्धा अशासाठी की बिनसलं तेव्हा बघणाऱ्याच्या लक्षात यावं. सुरुवातीला एवढंच लागतं की हे जग कुठलं आहे, मी कोणाकडे बघायचं आहे, आणि एक असा प्रश्न की ज्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी उठणार नाही. एकच प्रश्न बरं का, सात नाही.

उदाहरण देते, फुकट घ्या, कोणी वापरलं तरी माझी हरकत नाही. इतवारीतलं शिंप्याचं दुकान, संध्याकाळ, शटर अर्धं खाली. मशीनचा आवाज. शिंप्याचा पाय पायट्यावर, कापडावर खडूची रेघ, भिंतीला हँगरवर कपडे आणि प्रत्येकाला सेफ्टी पिनने लावलेली बिलाची चिठ्ठी. टायटल्स याच शॉट्सवर येऊ द्या, चिठ्ठ्यांवरच्या नावांसारखी. शटरखालून एक हात आत येतो, हातात पावती. मशीन थांबते. शिंपी पावती घेतो, वाचतो, चष्म्याच्या वरून माणसाकडे बघतो, परत पावती वाचतो. मग म्हणतो, "हा शर्ट त काल तुम्हीच घेऊन गेले न भाऊ." माणूस म्हणतो, "मी त आजच आलो गावावरून." शिंपी हळूच मागे वळून भिंतीकडे बघतो, एक हँगर रिकामा. काळा पडदा, सिनेमाचं नाव. झालं. दोन माणसं, एक दुकान, दोन वाक्यं, एका संध्याकाळचं काम, खून नाही, रक्त नाही, आणि तरी मला पुढचं बघायचं आहे. जुळा भाऊ आहे का, शिंपी खोटा बोलतोय का, माणूसच विसरलाय का, ते तुम्हाला ठरवायची सुद्धा गरज नाही (म्हणजे इव्हॅल्युएशनमध्ये विचारतील, तेव्हा ठरवून ठेवा).

आणि हे शॉट ठरवतानाच एक वही घे आणि प्रत्येक शॉटपुढे एक ओळ लिही की हा कशासाठी. जिथे ओळ सुचली नाही तो शॉट जातो. साडेसहाचे दोन तिथेच होतील.

प्रश्न : मॅडम, दुपारी फुटाळ्याला शूट केलं, आकाश पांढरंफटक आणि हिरोचा चेहरा काळा. मग घरात केलं तर ट्यूबलाईटखाली व्हिडिओत आडवे पट्टे फिरून राहिले. आणि डायलॉग तर ऐकूच येत नाहीत. फोन चांगला आहे, तीस हजाराचा. — कोणाचंच नाव टाकू नका, सदर

उत्तर : फोनचा काहीच दोष नाही. नागपूरच्या उन्हात दुपारी बारा वाजता माणूसच नीट दिसत नाही, फोन बिचारा काय करेल. उन्हाळ्यात बाहेरचं काम सकाळी सात-साडेसातच्या आत नाहीतर संध्याकाळी ऊन कललं की. दुपारीच करायचं असेल तर झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत उभं करा, मागे आकाश येऊ देऊ नका, आणि कोणालातरी पांढरी चादर धरून उन्हात उभं करा म्हणजे उजेड चेहऱ्यावर उलटून येतो. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक करायचं, नाहीतर माणूस हलला की चित्र आपोआप उजळतं-काळवंडतं आणि एडिटला रडायची पाळी येते. फोन तापून बंद पडतो तेही लक्षात ठेवा, टेकच्या मधे सावलीत ठेवत जा.

पट्ट्यांचं कारण आपली वीज. आपल्याकडे करंट 50 हर्ट्झचा, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते, आपल्या डोळ्यांना नाही समजत पण कॅमेऱ्याला समजतं. फोन सेकंदाला 30 फ्रेम आणि शटर एक-साठांशवर असला की त्याचा आणि विजेचा मेळ बसत नाही आणि पट्टे फिरतात. प्रो मोडमध्ये जाऊन 25 फ्रेम आणि शटर एक-पन्नासांश करा, जास्त उजेड असेल तर एक-शंभरांश. स्वस्तातल्या एलईडीचंही बऱ्याचदा हेच होतं. आणि घरात ट्यूबखाली स्लो मोशन करायला जाऊ नका, ते तर डिस्को दिसतं.

आवाजाचं मी न बघता सांगते, कूलर चालू होता. होता ना? एप्रिल-मे मध्ये इथे कूलर बंद करा म्हणणं म्हणजे मारामारीचंच काम आहे, पण टेकपुरता बंद करा. पंखा पण. फ्रिज पण, आणि नंतर चालू करायला विसरू नका, नाहीतर घरचे पुढच्या वेळी शूटिंग करू देणार नाहीत. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या छातीजवळ खिशात ठेवून त्यात आवाज रेकॉर्ड करा, दोन्ही सुरू केल्यावर एकदा जोरात टाळी वाजवा, एडिटला त्या टाळीवर जुळवा. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या. तो दोन डायलॉगच्या मधे खाली टाकायला लागतो, नाहीतर प्रत्येक कटला आवाज एकदम तुटतो आणि तुम्ही म्हणता की काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाही.

एडिटमध्ये सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर आणि पुढे पुढे मागेपुढे होत असेल तर ते फोनच्या बदलत्या फ्रेम रेटमुळे. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आधी कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्या. आणि मित्राकडे क्लिप पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून पाठवतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह घेऊन जा.

प्रश्न : माझ्याकडे मागच्या वर्षीच्या मारबतीचं खूप फुटेज आहे, स्वतः काढलेलं, खूपच जबरदस्त आहे. ओपनिंगला टाकू का? ग्रुपमधले म्हणतात डॉक्युमेंट्री वाटेल. — इतवारी

उत्तर : टाक, पण आधी सांग की तिथे तुझं पात्र कुठे आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती काळी आणि पिवळी मारबत, बडगे, एवढाले मिरवत नेलेले पुतळे, ती गर्दी, कॅमेरा कुठेही लावला तरी चित्र जबरदस्तच येणार, त्यात तुझं काय. ग्रुपवाले चुकीचं नाही बोलून राहिले. नुसती मिरवणूक दाखवली तर ते न्यूज चॅनलचं फुटेज होतं, आणि बाहेरच्याला वाटतं काय रंगीबेरंगी सण आहे, बस. फिक्शन व्हायला त्या गर्दीत एक माणूस पाहिजे जो बाकीच्यांसारखा वागत नाही. सगळे मारबतीकडे बघून राहिले आणि एक बाई उलट्या दिशेने चालली आहे, एवढं पण चालेल. ती बाई तू आता गल्लीत वेगळी शूट करू शकतेस, जवळचे शॉट, मागे दोन-चार मित्र आणि थोडा गुलाल, आणि ते जुन्या फुटेजशी कापू शकतेस, फक्त उजेड त्याच वेळेचा ठेव आणि ती डावीकडून उजवीकडे चालली असेल तर सगळ्या शॉटमध्ये तशीच चालू दे. मधेच दिशा बदलली तर बघणाऱ्याला वाटतं ती परत फिरली.

माझी स्वतःची आवड विचारशील तर मी आवाजाने सुरू करीन. पडदा काळा. नुसती गर्दीची आरोळी, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!", आणि चित्र उघडतं ते एका बंद खोलीत, तीच आरोळी आता भिंतीपलीकडून दबलेली येते आणि आत कोणीतरी बॅग भरत आहे. काय घेऊन जा म्हणून राहिले ते बघणारा स्वतः जोडतो. मग मिरवणुकीचा एकच शॉट, शेवटी. तुझ्या त्या तासभराच्या फुटेजमधून आठ सेकंद वापरले जातील, जीवावर येईल, माहीत आहे.

इव्हॅल्युएशनला मात्र हे सोनं आहे. सण वापरला तर तो नुसता सजावटीला वापरला की अर्थासाठी, इथल्या माणसाला काय दिसेल आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला काय दिसेल, यावर लिही. मास्तरांना हेच पाहिजे असतं.

प्रश्न : टायटल्समध्ये मराठी अक्षरं तुटतात, 'दिग्दर्शक'चं 'दग्दिर्शक' का काय होऊन राहिलं. आणि नावांचा क्रम काय असतो? आणि सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट आणि सिगारेटची सूचना टाकू का, खरा पिक्चर वाटेल. — धरमपेठ

उत्तर : शेवटून सुरू करते. नको. दोन मिनिटांतले पंधरा-वीस सेकंद त्यातच जातील आणि त्याचे मार्क शून्य. शिवाय खोटं सरकारी सर्टिफिकेट बनवणं ही गंमत नाही. सिगारेटचं तर सोपं आहे, पात्राला सिगारेट देऊच नका. (विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये दुःख झालं की सिगारेट, विचार आला की सिगारेट. कोणी चहा का नाही पीत?)

अक्षरं तुटतात कारण सॉफ्टवेअरला जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी जुळवता येत नाही. आधी बघ की फॉन्ट युनिकोड आहे, ऑफिसातला जुना कृतिदेव वगैरे नाही. 'एक टाइप' नावाची फॉन्ट बनवणारी संस्था आहे, तिचे 'मुक्त', 'बालू' हे फॉन्ट फुकट आणि कायदेशीर मिळतात. अडोबीचं असेल तर टेक्स्टच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडावा लागतो. तरीही नाही जमलं तर टायटल दुसरीकडे बनवून पारदर्शक पीएनजी करून टाक, किंवा सरळ हाताने लिहून शूट कर. पाटीवर खडूने, दुकानाच्या बोर्डवर, बिलावर. हाताने लिहिलेली टायटल्स चांगली झाली तर फॉन्टपेक्षा शंभर पटीने भारी दिसतात.

क्रम साधारण असा चालतो की आधी निर्मिती संस्था, मग मुख्य कलाकार, सिनेमाचं नाव कधी कलाकारांच्या आधी कधी नंतर, मग बाकीचे कलाकार, संगीत, संकलन, छायाचित्रण, लेखन, निर्माता आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक. हे तुम्ही सगळेच उलटं करता, दिग्दर्शकाला पहिले स्वतःचं नाव पाहिजे असतं. आणि चौघांचीच नावं आठ-आठ वेळा येऊ देऊ नका, लोक हसतात. टायटलसाठी जागा शूट करतानाच सोडा, फ्रेमच्या एका बाजूला रिकामी भिंत, रिकामं आकाश. नंतर चेहऱ्यावर अक्षरं चढवू नका.

प्रश्न : एक जुनं हिंदी गाणं ओपनिंगला एकदम फिट बसतं. कॉलेजपुरतंच आहे तर चालतं ना? नाहीतर तुकोबांचा अभंग टाकू, तो तर कोणाचाच नाही. — प्रतापनगर

उत्तर : पहिले नियमाचा कागद वाच. केंब्रिजवाल्यांना दुसऱ्याचं तयार साहित्य चालत नाही, संगीत पण कॉपीराइटमुक्त लागतं, आणि तुमच्या कॉलेजचा कागदही बहुतेक हेच म्हणत असेल. यूट्यूबवर टाकलं की कॉपीराइटचा क्लेम तर येणारच, कारण ते मशीनच ओळखतं, कॉलेजचं आहे की कशाचं ते त्याला घेणंदेणं नाही.

अभंगाचं अर्धं बरोबर. तुकोबांचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत, पण कॅसेटमधला, यूट्यूबवरचा जो अभंग आहे ना त्याचं रेकॉर्डिंग कोणाचंतरी आहे. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगवर प्रकाशनापासून 60 वर्षं हक्क असतो, आणि गीतकार-संगीतकाराच्या रचनेवर त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणून काय कर, आजीला म्हणायला लाव. आजी म्हणत असेलच काहीतरी, स्वयंपाक करता करता, बेसूर का होईना. ते रेकॉर्ड कर. पारंपरिक चालीत म्हटलेला अभंग, तुझं स्वतःचं रेकॉर्डिंग, कोणाच्या बापाचा क्लेम येत नाही, आणि मागे भांड्यांचा आवाज आला तर अजूनच चांगलं. आजीचं नाव टायटलमध्ये टाकायचं, हे विसरलीस तर मात्र बघ.

प्रश्न : ताई मला फिल्मला चांगले मार्क मिळाले पण इव्हॅल्युएशनला अर्धे पण नाही. तुम्हीच सांगा यात काय चूक आहे. मी लिहिलं होतं: "आमच्या फिल्ममध्ये आम्ही विविध कॅमेरा अँगल्सचा प्रभावी वापर केला आहे. लो अँगल, हाय अँगल, क्लोजअप अशा शॉट्समुळे फिल्म आकर्षक झाली आहे. आम्हाला खूप अडचणी आल्या परंतु टीमवर्कमुळे आम्ही त्यावर मात केली. प्रेक्षकांना आमची फिल्म खूप आवडली. आमचा प्रेक्षकवर्ग सर्व वयोगटातील आहे." — नंदनवन

उत्तर : चूक काहीच नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. हा परिच्छेद कोणत्याही फिल्मखाली चिकटवला तरी चालतो. तुझी फिल्म मी पाहिली नाही आणि हे वाचून ती कशी आहे ते मला अजूनही माहीत नाही, कॉमेडी आहे का भुताची ते पण नाही. 'प्रभावी', 'आकर्षक' हे आपणच आपल्याला दिलेले मार्क आहेत, ते द्यायचं काम मास्तरांचं.

इव्हॅल्युएशनला पाहिजे तो निर्णय. समोर दोन रस्ते होते, आम्ही हा घेतला, या कारणाने, आणि त्याचा परिणाम असा झाला, कधी अपेक्षेसारखा, कधी नाही. तुझ्याच लो अँगलचं असं लिहिता आलं असतं, मी अंदाजाने लिहिते: "घरमालक दारात येतो तो शॉट आम्ही आधी डोळ्यांच्या उंचीवरून घेतला होता, पण त्यात तो साधा शेजारी वाटत होता. म्हणून फोन पायरीवर ठेवून खालून घेतला. त्यामुळे तो दारभर दिसतो आणि मुलीला आत जायला जागाच उरत नाही. मात्र खालून घेतल्यामुळे छताचा पंखा फ्रेममध्ये आला आणि पाहणाऱ्यांपैकी दोघांचं लक्ष तिकडे गेलं, ते आम्ही कटची लांबी कमी करून थोडं सावरलं." बघ, एकच शॉट, पण मला फिल्म दिसली. असे चार-पाच शॉट घे, सगळे अँगल मोजून दाखवू नको.

प्रेक्षकवर्ग सर्व वयोगटातील, हे तर दर वर्षीचं वाक्य. सगळ्यांसाठी असा पिक्चर नसतो गं. सेन्सॉर बोर्डाच्या हिशोबाने विचार कर, 2024 च्या नियमांपासून यूए मध्ये (म्हणजे लहानांनी आईबापाच्या सल्ल्याने बघायचं) सुद्धा 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग आहेत. तुझी फिल्म यातल्या कशात बसेल आणि का? घरमालक मुलीला धमकावतो तो सीन तेरा वर्षांच्या पोराने एकट्याने बघावा का? एवढ्या एका प्रश्नावर अर्धं पान लिहून होतं, आणि खरं लिहून होतं. मग ही फिल्म कुठे दाखवशील, सिंगल स्क्रीन, मल्टिप्लेक्स, ओटीटी, का फेस्टिव्हल, ते त्याच्याच मागून येतं.

'खूप आवडली' म्हणजे तू विचारलं असशील "कशी वाटली?" अन् मैत्रिणी म्हणाल्या "मस्त". मैत्रिणी दुसरं काय म्हणणार. फिल्मबद्दल काहीच माहीत नसलेली पाच-सहा माणसं पकड, त्यात एखादी काकू पण असू दे, एकदाच दाखव आणि विचार, पुढे काय होईल असं वाटतं? हा माणूस कोण आहे? कुठे कंटाळा आला? आणि ते बोलतात ते जसंच्या तसं लिहून घे, मधे समजावून सांगू नको, तोंड दाबून बसायचं. तुमच्या डोक्यात घरमालक व्हिलन आणि सहापैकी चौघांना तो बाप वाटला, तर हे फजितीचं नाही, हे इव्हॅल्युएशनमधलं सगळ्यात चांगलं पान आहे. का वाटला ते शोधून लिही. कपड्यांमुळे, वयामुळे, का तो न विचारता आत आला म्हणून?

अजून एक जागा तुम्ही सगळे सोडून देता, ती म्हणजे कोणाला कसं दाखवलं. चोर नेहमी झोपडपट्टीतला, कामवाली बाई नेहमी चोंबडी, गावाकडचा माणूस नेहमी भोळा आणि वऱ्हाडी बोलणारा म्हणजे विनोदी. शेवटचं तर आपण नागपूरवाल्यांनी तरी करू नये, आपलीच बोली आणि आपणच तिला जोक करायचा. तुमच्या फिल्ममध्ये असं काही आलं असेल तर लपवू नका, लिहा की हे ठरलेल्या साच्यातलं आहे, आम्ही का वापरलं आणि पुढच्या वेळी काय बदलू. आणि साचा मोडला असेल तर तेही लिहा, पण मोडायचा म्हणून मोडला का त्याने गोष्टीत काही फरक पडला ते सांगा.

अडचणी आल्या आणि मात केली, यातली अडचण लिही, मात खोडून टाक.

प्रश्न : आमच्यातला एक जण एकदाही शूटला आला नाही आणि आता म्हणतो एडिटिंगमध्ये माझं नाव टाका. इव्हॅल्युएशनमध्ये त्याचं खरं लिहू का? — रागावलेली, मानेवाडा

उत्तर : इव्हॅल्युएशन हे भांडणाचं पान नाही. तू काय केलं ते तारीखवार लिही, शूटच्या दिवसांची नोंद, कोण हजर, कोणी काय केलं, एवढं वहीत असलं की मास्तरांना आपोआप दिसतं. त्याने केलं नसेल तर त्याचं नाव एडिटिंगला टाकायचं नाही, हे त्याला तोंडावर सांग, सबमिशनच्या आदल्या रात्री नाही, आजच. अन् तो 'बे यार दोस्ती' वगैरे म्हणेलच, म्हणू दे.

प्रश्न : मुलगा म्हणतो प्रोजेक्टसाठी साठ हजारांचा कॅमेरा पाहिजे. घ्यावा का? — एक वडील, मनीषनगर

उत्तर : नका घेऊ भाऊ. फोन पुरतो. एक बऱ्यापैकी ट्रायपॉड आणि एक कॉलर माईक घेऊन द्या, आणि एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आहे, त्यात या कामाला लागतं त्याच्या वर आहे, फक्त कॉम्प्युटर जरा दमदार लागतो. कॅमेऱ्याचं पुढच्या वर्षी बघू म्हणावं. तोपर्यंत त्याची आवड टिकली का तेही कळेल.

प्रश्न : इव्हॅल्युएशन एआयकडून लिहून घेतलं तर ओळखू येतं का? — नाव नाही, गाव नाही

उत्तर : वरचा नंदनवनचा परिच्छेद परत वाच. ते तसंच लिहितं, फक्त तिच्यापेक्षा लांब.

प्रश्न : आमच्या ओपनिंगमध्ये किडनॅपिंग आहे, व्हॅनमध्ये एकाला कोंबतात. फुटाळ्याच्या रस्त्यावर करायचा विचार आहे आणि वरून ड्रोन शॉट, मित्राकडे ड्रोन आहे. परवानगी लागते का? — जरीपटका

उत्तर : ड्रोन तर तिथे विसरूनच जा. बाजूला वायुसेना नगर, तिथे हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, ड्रोन वर गेल्यावर काय होईल ते मला लिहायची पण इच्छा नाही. बाकी शहरात सुद्धा आधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघायचं की तो भाग हिरवा, पिवळा का लाल, आणि आपल्याला तर विमानतळ पण आहे. वरचा शॉट पाहिजेच असेल तर कोणाच्यातरी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून घ्या, किडनॅपिंगला तो जास्त चांगला दिसतो, कोणीतरी वरून बघून राहिलंय असं वाटतं. ड्रोनला ते नाही जमत.

आणि भर रस्त्यात माणूस व्हॅनमध्ये कोंबू नका. लोकांना कॅमेरा दिसत नाही, फोन तर नाहीच दिसत, त्यांना फक्त दिसतं की पोराला पळवून राहिले. आधी मार पडतो, मग विचारतात. खोटा चाकू, खोटं पिस्तूल याचंही तेच. कोणाच्या तरी कंपाउंडच्या आत करा, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनला सांगून. व्हॅनचं सरकतं दार आतून बंद होताना, एक चप्पल बाहेर राहिलेली, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज, एवढ्यात काम होतं, कोंबताना दाखवायचीच गरज नाही. बाहेर करायचंच असेल तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज, कॉलेजच्या लेटरहेडवर, तारीख-वेळ-माणसं सगळं लिहून, आणि मेट्रो किंवा रेल्वे स्टेशन म्हणाल तर त्यांची परवानगी वेगळी, ती लवकर मिळत नाही म्हणून सबमिशनच्या आठवड्यात मागायला जाऊ नका. मिळालेल्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, एक दिग्दर्शकाच्या खिशात आणि एक त्याच्या खिशात जो व्हॅन चालवतो. आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स आहे का ते पण बघा.